धानाच्या कट्ट्याला वळसा

यंदा कापणीसाठी लाखांदूरच्या एसटीत बसलो होतो. खिडकीतून पहिलं पुंजणं दिसलं, म्हणजे कापलेल्या धानाचे भारे रचून केलेली ती उंच रास, आणि मला एकदम माझ्या पुतणीच्या काळजाचा आलेख आठवला. काळजाचा म्हणजे गाण्यातल्या काळजाचा नव्हे, छातीत धडधडतं त्या काळजाचा. मनगटावरच्या घड्याळाने टिपलेला, मोबाइलवर लाल रेघेत दिसणारा. धानाचा आणि त्या लाल रेघेचा संबंध काय, असं शेजारच्या माणसाने विचारलं असतं तर लाखांदूर येईपर्यंत मी त्याला सोडला नसता. त्याच्या सुदैवाने त्याचा डोळा लागला होता.

हे दिवसच मला आवडतात. पावसाळ्यात गावाकडे जायचं म्हणजे चिखलाशी कुस्ती, आणि उन्हाळ्यात तर कुत्रंसुद्धा घराबाहेर पडत नाही. पण दिवाळी झाली की सकाळी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना पायजमा दवाने गुडघ्यापर्यंत भिजतो. धान कापून झालेल्या बांधीत, त्या चौकोनी वाफ्यात, खुंटांच्या मधून लाखोळीच्या डाळीची रोपं हिरवी डोकी वर काढतात. थ्रेशर लागला की गावभर कोंडा उडतो, अंग खाजतं, शिंका येतात, आणि तरी कोणाची तक्रार नसते. दुपारी नव्या तांदळाचा भात. तो जरा गचका, चिकट होतो म्हणून शहरातली माणसं नाक मुरडतात. मुरडू देत बापडी, आमच्या वाट्याला जास्त येतो.

मी राहतो भंडाऱ्याजवळ, जवाहरनगरला. जन्मभर नोकरी केली ती तिथल्या कारखान्याच्या तपासणी खात्यात. समोर आलेल्या वस्तूत खोट कुठे आहे ते शोधायचं, एवढंच काम. निवृत्त झालो, पण डोळ्याची खोड काही निवृत्त झाली नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मी आधी पत्रावळ उलटसुलट करून पाहतो, आणि बायको हळूच म्हणते, "आतातरी पास करा जी." अशा माणसाची पुतणी शर्यतीत मागे पडते म्हणजे काय.

पुतणी म्हणजे प्रणाली, माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. तिने दोनदा पोलीस भरती दिली. पळायला वारा, ताकदीला बैल, पण मैदानावर पाय ठेवायच्या आधीच उंचीच्या पट्टीखाली बोटभर कमी पडायची. माणूस आडवा राहिला तर सकाळी जरा लांब भरतो, असं कोणीतरी दादाच्या कानात भरवलं. म्हणून दुसऱ्या वेळी त्याने पोरीला जीपच्या मागच्या सीटवर आडवी घालून भरतीला नेलं. तरी बोटभर कमीच. परत येतानाही प्रणाली जीपमध्ये आडवीच पडून राहिली, आता काही उपयोग नव्हता तरी.

वहिनीकडे मात्र या सगळ्याचा उलगडा तयार होता. "तिले लहानपनी कोनंतरी ओलांडलं भाऊजी, आनि माघारी ओलांडलं नाही. तिथीच राहिली बोटभर." झोपलेल्या लेकरावरून कोणी पाय टाकून गेलं की त्याची वाढ खुंटते, आणि चुकून गेलंच तर त्याच पायी उलट ओलांडून परत यायचं, म्हणजे दोष फिटतो, असं आमच्याकडे म्हणतात. मी म्हणालो, "वहिनी, आपल्या घरात हे असलं मानत नाहीत."

"मी कोठी मानते?" वहिनी म्हणाली. "पन राहिली ना बोटभर?"



मग प्रणाली भंडाऱ्याच्या एका जिममध्ये लागली. आलेल्या बायकांना मशीन दाखव, वजनं जागेवर लाव, असं हाताखालचं काम. पण तिचा जीव होता शिकवण्यात. जिमच्या सरांना सकाळी बायकांची वेगळी बॅच सुरू करायची होती आणि तिथे कोच हवा होता. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं, "नागपूरले फिटनेस रेस असते. तिच्यात बायकांमधी पहिल्या दहात ये, बॅच तुही. नाही तं मले नागपूरहून कोच आनावा लागन." सर काही वाईट माणूस नव्हता. कोचच्या नावामागे लोकांना काहीतरी दाखवायला लागतं, एवढंच. प्रणालीच्या मनाने मात्र घेतलं. उंची काही तिच्या हातात नव्हती, हे होतं.

ही रेस नुसती पळायची नसते. थोडं पळायचं, मग एक कसरत, पुन्हा पळायचं, पुन्हा कसरत. वजन लादलेली घसरगाडी ढकला, मग दोरीने ओढा, दोन्ही हातांत जडशीळ वजनं घेऊन चाला, वाळूची पोती या टोकाची त्या टोकाला वाहून न्या, आणि अंगात काही उरलंच असेल तर भिंतीवर चेंडू फेकत बसा. वहिनीने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "एवढंच कराचं तं नागपूरले कायले जाते? कापनीले ये ना घरी."

पहिल्या रेसमध्ये ती कुठल्या कुठे मागे राहिली. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुसरी रेस थंडीत होती आणि सरांनी तेवढी एक संधी ठेवली होती. मधे होता कापणीचा हंगाम. प्रणाली रजा घेऊन गावी आली, मीही आलो, आणि अंगणातल्या बाजेवर बसून मी तिची रेस तपासायला घेतली.

आता तिचं घड्याळ सगळं सांगतं. कुठे किती वेगाने पळाली, कुठे किती वेळ गेला, काळीज कुठे किती धावलं. मी चष्मा पुसून बसलो. पळणं चांगलं, गाडी ढकलणं उत्तम. पण वाळूच्या पोत्यांपाशी गडबड होती. तिथे तिचा वेळ नुसता सांडला होता. दमली असेल म्हणावं तर तिथेच ती लाल रेघ खाली उतरलेली. बाकीच्या पोरींची जिथे जीव जायची वेळ, तिथे हिचं काळीज चावडीवर बसल्यासारखं निवांत. दमली नाही आणि पुढेही गेली नाही. मग मधला वेळ गेला कुठे?

"तिथं तू करत काय होतीस?" मी विचारलं.

"पोते उचलत होतो ना काका. दुसरं काय करन?"

मी हार मानणारा नव्हतो. पहिल्यांदा मी बुटांवर संशय घेतला. मग न्याहारीवर. रेसच्या सकाळी तिने तर्रीपोहे खाल्ले होते, हे कळल्यावर मला वाटलं सापडलं. चार दिवस तिला तर्री बंद. पोरगी रडकुंडीला आली, वेळ होता तिथेच. मग मी श्वासावर आलो. नाकाने घे, तोंडाने सोड, पोतं उचलताना सोड, ठेवताना घे. मी बाजेवर बसून सांगायचो आणि ती अंगणात वाळूचं पोतं घेऊन फिरायची. एकदा थांबून तिने विचारलं, "काका, तुमी सोता कधी पळले का?" मी म्हणालो, तपासणाऱ्याने पळायचं नसतं. दादा तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचता रचता गालात हसला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, एवढं मलाही कळत होतं.

आणि मग तो चहा आला. अंगणात त्या दिवशी धान भरून झालं होतं. भरलेल्या पोत्याला आम्ही कट्टा म्हणतो, तर कट्टे शिवून ठेवलेले होते आणि त्यातला एक माझ्या बाजेसमोर आडवा पडला होता. वहिनीने माझी कपबशी कट्ट्याच्या पलीकडे जात्यावर ठेवली आणि ती आत गेली. हात लांबवला असता तर बोटं लागली असती. एक पाय टाकला असता तर मी चहापाशी होतो. मी उठलो, चपला घातल्या, कट्ट्याच्या शेवटापर्यंत गेलो, तिथे दुसरा कट्टा होता म्हणून त्याच्याही कडेने गेलो, विहिरीला अर्धा वळसा घातला, ओसरीच्या तुळईला डोकं लागू नये म्हणून वाकलो आणि चहा घेतला. मग त्याच वाटेने, बशीतला चहा सांभाळत, परत. बसलो. फुंकर घातली. आणि तिथेच थांबलो.

"प्रणाली," मी हाक मारली, "तो रेसचा व्हिडिओ आण."

तिच्या मैत्रिणीने कठड्यावरून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ होता. आम्ही तो पूर्वी पाहिला होता, पण मी तेव्हा तिच्या खांद्यांकडे, पाठीकडे, नाकाकडे पाहत होतो. या वेळी पायांकडे पाहिलं. बाकीच्या पोरी पोतं खांद्यावरून मागे, वाटेतच आपटायच्या आणि त्याच्यावरूनच उडी मारून पुढचं आणायला धावायच्या. आमची पोरगी पोतं हळूच टेकवायची, जणू त्यात अंडी आहेत, आणि मग त्याला अख्खा वळसा घालून जायची. दुसरं ठेवलं की दोघांना वळसा. तिसऱ्याला तिघांना. ढीग वाढेल तशी प्रदक्षिणा मोठी. आणि चालायची अशी, की खळ्यात कोणी जेवणाचा डबा घेऊन निघालंय. काळीज निवांत का होतं ते आता दिसलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, इथे वळसा घालणारे दोघेही एकाच घरातले निघाले.

आम्ही दोघं इतके हसलो की वहिनी बाहेर आली. पुढे तर आणखी एक गंमत होती. शेवटच्या कसरतीकडे जाताना वाटेत एक पोरगी दमून उताणी पडलेली. प्रणाली घाईत तिच्या पायांवरून गेली. गेली, थांबली, मागे फिरली, त्या पोरीला उलटं ओलांडून परत अलीकडे आली, आणि मग वळसा घालून पुढे निघाली. तेवढ्यात तिघी-चौघी तिच्या बाजूने निघून गेल्या.

माझं हसू थांबेना. "अगं, रेसमध्ये हे करतं का कोणी? तू तर हे मानत नाहीस."

"नाही मानत काका," ती म्हणाली. मग मोबाइल बंद करत म्हणाली, "पन ते बी कोठी भरती देत असन तं?"

मी हसायचा थांबलो. वहिनीने पदराने उगाच जातं पुसलं आणि आत जाऊन तर्रीपोह्यांची तयारी केली. पथ्य त्या दिवशी सुटलं.

खोट सापडली म्हणजे काम झालं, असं आयुष्यभर मला वाटत आलं. पण माल होता घरचा. मी अंगणात वाळूचं पोतं आडवं टाकलं आणि म्हणालो, ओलांड. ती धावत यायची आणि पोत्यापाशी आल्यावर बैल नांगर ओढायचा सोडून उभा राहतो तशी उभी. "अगं ती वाळू आहे."

"मले माहीत आहे जी. पायाले सांगा."

मी ठरवलं, करून दाखवू. धोतराचे दिवस गेले, पायजमा वर केला आणि पाय उचलला. तो हवेतच राहिला. वहिनी दारात उभी होती. माझ्या पायाकडे पाहत होती. मी पाय खाली ठेवला आणि म्हणालो, गुडघा दुखतो.

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, उपास गेले, नवस गेले. कोणाला त्यांची आठवणही येत नाही. पण धानावरून पाय टाकायचा नाही, हे काही गेलं नाही. ते देवाकडून आलंच नव्हतं, म्हणून असेल. आजोबा दुसऱ्यांच्या बांध्यांत कापायला जायचे. दिवसभर धानात उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी यायचं ते मूठ-दोन मुठी घेऊन. ज्याच्या दारात भरलेला कट्टा क्वचित यायचा तो त्याच्यावरून पाय कसा टाकेल? त्यांनी कोणाला हे शिकवलं नाही, बाबांनी नाही, दादानेही नाही. ते वळसा घालून जायचे, आम्ही त्यांच्या मागून जायचो, तेवढंच. मला ते आवडतं, हे मी सरळ सांगून टाकतो. आणि तरी मला पोरगी दहात यायला हवी होती. दोन्ही एकदम हवं होतं.

दोन-तीन दिवस आम्ही दोघं तोंड पाडून बसलो. दादा कट्टे घरात नेऊन रचत होता आणि प्रणाली त्याला हातभार लावत होती. मधेच ती थांबली. दादा कट्टे टाकतो ते नेहमी भिंतीच्या कडेने, एकावर एक, म्हणजे मधली वाट मोकळी राहते. सगळीच माणसं तसं करतात, नाही तर पुढचा कट्टा घेऊन यायचं कसं? ती खांद्यावरचा कट्टा तसाच धरून मला म्हणाली, "काका, आपन घरी मधात कोठी ठेवतो?"

"म्हणजे?"

"म्हंजे मी तिथी वाटेत ठेवून राहिली होतो, सगळ्याइचं पाहून. मले ओलांडनं शिकाचंच नाही. मी वाटेत ठेवतच नाही ना."

बास, एवढंच होतं. तिला नवं काही शिकायचं नव्हतं. शहरात जाऊन जे विसरली होती तेवढं परत आणायचं होतं. पोतं आपल्याला आखून दिलेल्या पट्ट्याच्या कडेला टेकवायचं, अंग वळवता वळवता, आणि मोकळ्या वाटेने सरळ पळत सुटायचं. मग त्या हंगामात आमच्या घरचे सगळे कट्टे तिनेच वाहिले. खळ्यातून पळत यायची, कडेला ठेवायची, पळत जायची. शेजारचे लोक म्हणायचे, पोरीच्या मागे कोन लागलं? दादा पहिल्यांदाच कापणीत पाय पसरून बसला. मी घड्याळावरची लाल रेघ पाहायचो. कट्ट्यांपाशी ती आता खाली उतरत नव्हती.

नागपूरच्या रेसला मी आणि वहिनी गेलो. थंडीची सकाळ, लाउडस्पीकरचा गोंगाट, आणि वहिनी मांडीवर भाताचा डबा घेऊन बसलेली. बाकी कसरतींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पोत्यांची पाळी आली तशी पुढे सरकून बसली. प्रणालीने पहिलं पोतं कडेला टेकवलं, दुसरं त्याला लावून, तिसरं त्यांच्यावर. बाकीच्यांच्या पट्ट्यात सांडलेली पोती आणि हिची भिंतीशी रचल्यासारखी. एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं. वहिनी एवढंच म्हणाली, "बरोबर लावून राहिली."

शेवटी पुन्हा एक पोरगी वाटेत कोसळली. माझा जीव वर आला. प्रणालीने मागल्यासारखी चूक केली नाही, म्हणजे मुळात ओलांडलंच नाही. लांबूनच बघून वळसा घेतला. तेवढ्यात एक पुढे गेली. मी डोळे मिटून घेतले आणि वहिनीने माझं मनगट धरलं ते रेस संपेपर्यंत सोडलं नाही. प्रणाली आली ती दहावी. अकरावीच्या आणि तिच्या मधे आणखी एका वळशाची जागा नव्हती. वहिनीने विचारलं, "म्हंजे झालं?" मी म्हणालो, पास. 

तर यंदाची ही एसटी. लाखांदूरला उतरून घरी पोचलो तर अंगणात जत्रा. प्रणालीने रविवारी आपली सकाळची बॅच गावी आणली होती, कट्टे वाहायला. सराव म्हणून. वहिनीचं म्हणणं शेवटी भंडाऱ्याच्या बायकांनी ऐकलं होतं. विणकरांच्या घरातल्या सुना, एक शाळेतल्या बाई, दोघी-तिघी कॉलेजातल्या, सगळ्या चुस्त कपड्यांत, केसांत कोंडा. प्रणाली शिट्टी घेऊन मधे उभी. अंगणात एक कट्टा आडवा पडला होता. "सरळ चला ताई, सरळ!" ती ओरडत होती, आणि एकीनंतर एक सगळ्या त्याला वळसा घालून जात होत्या. विणकराच्या घरातली एक सून म्हणाली, "नाही वो मॅडम. आमच्याकडे सुतावरून बी नाही जात." प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग तिनेच तो कट्टा उचलून कडेला लावला.

जेवण झालं. नव्या तांदळाचा भात दोनदा घेतला, आणि मी अंगणाच्या टोकाला तणसावर पाय पसरून आडवा झालो. ऊन कोवळं होतं, बायकांचा गलका अंगाई गायल्यासारखा चालू होता. मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. प्रणाली खांद्यावर कट्टा घेऊन, मागे वळून कोणाला तरी पाठ सरळ ठेवायला सांगत पळत आली. तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या पायांवरून गेली.

चार पावलं पुढे गेली आणि थांबली. कट्टा खाली ठेवला, कडेला. परत आली. मला जाग येऊ नये म्हणून चवड्यांवर, हळूच, माझ्या पायांवरून उलट ओलांडून गेली, आणि मग माझ्या डोक्याकडून वळसा घालून पुन्हा कट्ट्यापाशी. मी पापणी हलू दिली नाही. माझ्या वयाला उंची वाढत नाही, असलेलीच उतरायला लागते. तरी मी पाय जरा आणखी लांब करून घेतले.